कोंबडी कुणाच्या कोटात होती?

अर्धे केस कापून झालेला माणूस खुर्चीतून उठून जात नाही. एक कान उघडा, एक झाकलेला, गळ्याभोवती कापड, मांडीवर स्वतःच्याच केसांचा ढीग. अशा अवतारात कितीही राग आला तरी जाणार कुठे? हे शहाणपण कात्रीताईला कुणी शिकवलं नव्हतं. खुर्चीमागे उभं राहून राहून ते तिच्या हातात आपोआप उतरलं होतं. गिऱ्हाइकाला एखादी आडवळणाची गोष्ट विचारायची असली, की ती आधी एक बाजू नीट कापून घ्यायची, हात थांबवायची, आरशातून त्याच्याकडे बघायची आणि मग म्हणायची,

"हं. मग? जावयाशी पुन्हा वाजलं म्हणे?"

गिऱ्हाईक सगळं सांगून टाकायचं. मग दुसरी बाजू.

तिचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं आणि तिथेच राहिलं. गल्लीत सगळ्यांसाठी ती कात्रीताई. हे नाव तिच्या हातावरून पडलं की तोंडावरून, यावर दोन मतं होती आणि दोन्ही तिला मान्य होती.

दुकान मुळात सासऱ्यांचं. खाली दुकान, वर घर, मधे उभा जिना. सासरे गेले तेव्हा नवरा म्हणाला, "मला बस चालवता येते, वस्तरा नाही," आणि डेपोत निघून गेला. मग सुनेने कात्री हातात घेतली. गल्लीतले पुरुष दारापर्यंत यायचे, आत बाई बघून एकदम काहीतरी आठवल्यासारखं करायचे आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात शिरायचे. असे काही आठवडे गेले. एका सकाळी, गल्लीतल्या ऐन गर्दीच्या वेळी, सासूबाई जिना उतरून आल्या, मधल्या खुर्चीत बसल्या आणि कमरेपर्यंतची वेणी सोडली.

"काप. मानेपर्यंत."

"आई, अहो, पण..."

"काप म्हणते ना. आणि ते दार उघड पूर्ण. लोकांना दिसू दे."

लोकांना दिसलं. वेणी खाली पडली तेव्हा समोरचा फळवाला वजन करायचं विसरला. दुसऱ्या दिवसापासून खुर्च्या भरायला लागल्या. सासूबाईंनी असं का केलं ते तेव्हाही सांगितलं नाही, पुढेही नाही. त्या काहीच सांगत नसत. बोलत मात्र भरपूर. बटाटे कसे सोलावेत, दार कसं लावावं, सुनेचं काय काय चुकतं, यावर त्यांचा पट्टा दिवसभर चालू असे. स्वतःबद्दल विचारलं की दुकानाचं शटर पडल्यासारखं, खर्रकन, बंद.

तर या दुकानात एका दुपारी ग्रंथालयातल्या मॅडम केस कापायला आल्या आणि बसल्या बसल्याच रडकुंडीला आल्या. त्यांनी एक काम अंगावर घेतलं होतं. युद्धाच्या काळात या शहरावर बॉम्ब पडत होते, तेव्हा इथल्या मुलांना आगगाडीत बसवून लांबच्या खेड्यांत, अनोळखी लोकांच्या घरी पाठवून दिलं होतं. ती मुलं आता म्हातारी झाली होती. त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या आणि एका रविवारी ग्रंथालयाच्या वाचनकक्षात सगळ्या गावाला ऐकवायच्या, असा मॅडमचा बेत होता.

"येतात हो सगळे," मॅडम म्हणाल्या. "छान कपडे घालून येतात. आणि माइक समोर आला की पुतळे! मी विचारते, घर सोडताना काय वाटलं होतं? तर म्हणतात, बरं वाटलं होतं. एका आजोबांनी तर नुसतं नाव सांगितलं, खोकले आणि धन्यवाद म्हणून निघून गेले."

"खोली कशी आहे?"

"छान आहे. शांत. दार बंद केलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही."

"म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे असते तशी." कात्रीताईने त्यांचं डोकं हलकेच पुढे वाकवलं. "ते यंत्र इकडे आणा."

"इथे? मधे मधे कात्रीचा आवाज येईल ना."

"येऊ दे की. ऐकणाऱ्यालाही कळू दे, बोलणारा हलू शकत नव्हता."

मॅडम आधी हसल्या आणि दुसऱ्या दिवशी खरंच यंत्र घेऊन आल्या. पावडरचा डबा आणि कंगव्यांचा पेला यांच्या मधोमध ते ठेवलं गेलं. सुरू केलं की त्याच्यावर लाल दिवा लागायचा. कात्रीताई प्रत्येकाला आधीच सांगायची, "हे चालू आहे हं. नको असेल तर आत्ताच सांगा, नंतर तक्रार चालणार नाही." कुणी नको म्हटलं नाही. आणि एकदा गळ्याभोवती कापड आलं, मानेवर पाण्याचा फवारा पडला, की दिवाबिवा सगळं विसरून जायचे. लोक बोलायला लागले. एक आजी बोलता बोलता त्या गावातलं अंगाईगीत गायल्या. एक आजोबा रडले, मग आरशात आपलं अर्धं डोकं बघून हसले. मॅडम तर नाचायच्याच बाकी होत्या.

मग पोस्टमनकाका आले आणि कोंबडी निघाली.

"आमच्या डब्यात एक कोंबडी होती," काका म्हणाले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते अजून खांदा एका बाजूला पाडूनच बसायचे, पिशवी असल्यासारखे. "म्हणजे माझी. मी कोटात लपवून आणली होती. तपकिरी. गार्ड आला आणि ही आत कुऽऽक करून ओरडली! गार्ड म्हणाला, हे कोण? मी म्हटलं, माझं पोट वाजतंय."

कात्रीताई इतकी हसली की त्यांच्या एका बाजूचा कल्ला जरा वरच कापला गेला.

पुढच्या आठवड्यात मास्तरीणबाई आल्या. शाळा सोडली होती, आवाज सोडला नव्हता. "मी लहानपणी फार धाडसी होते," त्या म्हणाल्या. "गाडीतून मी एक कोंबडी नेली होती. कोटाच्या आत. पांढरी शुभ्र. ती ओरडली तेव्हा गार्डने विचारलं आणि मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिलं: मला उचकी लागली आहे."

कात्रीताईचा हात थांबला. तिने मॅडमकडे बघितलं. मॅडमनी छताकडे.

आणि मग बेकरीवाले काका. गोल, गुलाबी, टकलाभोवती केसांची नुसती झालर. कापायला फार काही नव्हतं, म्हणून कात्रीताईने सावकाश कापलं. काका डोळे मिटून म्हणाले, "माझ्याकडे ना, कोटात..."

"कोंबडी होती," कात्रीताई म्हणाली.

"अरेच्चा! तुला कुणी सांगितलं?"

"कुठल्या रंगाची?"

"काळी. गार्ड आला तेव्हा मी पोट धरून कण्हायला लागलो. म्हटलं, पोटात कळा येताहेत."

संध्याकाळी शटर अर्धं ओढून दोघी खुर्च्यांत बसल्या. एक कोंबडी, तीन कोट. तिघंही लहानपणी एकाच डब्यात होते, तोपर्यंत सगळं खरं. पण परत आल्यापासून दर आठवड्याला तिघं एकत्र बसून पत्ते खेळायचे, आणि पत्ते पिसता पिसता आठवणीही पिसल्या गेल्या होत्या. कुणाचं पान कुणाच्या हातात गेलं, कुणालाच कळलं नव्हतं.

"एकाची लावली तर बाकीचे दोघं उठून जातील," मॅडम म्हणाल्या. "कोंबडीच गाळली तर तिघंही."

"पोस्टमनकाकांना विचारलं होतं मी, नक्की तुमचीच का. तर काय म्हणाले माहितेय? विचार तुझ्या सासूबाईंना. त्या होत्या त्याच डब्यात, सगळ्यांत मोठ्या."

"मग विचारा ना!"

कात्रीताईने झाडू उचलला आणि झाडलेलीच फरशी पुन्हा झाडायला घेतली. "तुम्ही आमच्या आईंना ओळखत नाही."

सासूबाई सोमवारी जाणार होत्या. लेकीकडे, कायमच्या. गुडघ्यांना जिना झेपेना, आणि लेकीचं घर एका मजल्याचं, गाडीने अख्ख्या दिवसाच्या अंतरावर. बॅग भरून दाराशी उभी होती. रविवारी ग्रंथालयातला कार्यक्रम, सोमवारी गाडी. कात्रीताईने या बाईबरोबर आयुष्याचा मोठा तुकडा काढला होता, तिच्या वेणीवर आपला धंदा उभा केला होता, आणि तिच्या आत काय आहे याची एवढीशी फट तिला कधी दिसली नव्हती. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे आवाज त्या यंत्रात साठले होते. एकच नव्हता. सोमवारनंतर वर शांतता असणार होती, आणि तिला त्या शांततेत ऐकायला काहीतरी हवं होतं.

तसं तिने विचारून बघितलं होतं.

"आई, त्या गाडीत काय काय झालं?"

"कुठल्या?"

"लहानपणी तुम्हाला पाठवलं होतं त्या."

"गाडी होती. चाकं होती. पोहोचली."

"आणि युद्ध?"

"वाईट असतं. तो डबा नीट लाव, मुंग्या येतील."

नणंदेला फोन केला तर ती खदखदून हसली. "आईकडून? अगं वहिनी, मी तिची पोटची पोर. माझा जन्म कुठे झाला विचारलं तर म्हणते, दवाखान्यात. तू सोड नाद."

नाद सोडेल ती कात्रीताई कसली. शुक्रवारी जेवताना तिला वाट सापडली, तीही नवऱ्यामुळे. तो घरात फारसं बोलायचा नाही; म्हणायचा, दोन बायका बोलायला असताना मी मधे का गाडी घालू? त्या दिवशी चुकून बोलला. "बाबांनी दुकान घेतलं तेव्हा भिंती हिरव्या होत्या."

"निळ्या," सासूबाई ताटावरून मान वर न करता म्हणाल्या.

"हिरव्या, आई."

"निळ्या! आणि दाराला कडी नव्हती, दोरी होती. मीच बांधली होती. आणि तुझे बाबा पहिल्या गिऱ्हाइकाला इतके घाबरले की त्याच्या मानेऐवजी स्वतःच्याच मानेवर पावडर मारली. हिरव्या म्हणे!"

मग आपण बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. पण कात्रीताईचं जेवण तिथेच थांबलं होतं. विचारलं तर ही बाई सांगत नाही. पण कुणी चुकीचं बोललं की हिला गप्प बसवत नाही. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्यालासुद्धा ही दुरुस्त करते, तो ऐकत नसताना! घरात एवढी मोठी किल्ली लटकत होती आणि आपण इतकी वर्षं दार ठोठावत बसलो.

शनिवारी तिने तिघांनाही एकाच वेळी बोलावलं. "उद्या कार्यक्रम आहे, सगळे तुमच्याकडेच बघणार. जरा नीटनेटके या." आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, प्रवासाला जाताय. मुळाशी पांढरं दिसतंय. रंग लावून देते."

"कोण बघतंय माझी मुळं?"

"ताई बघतील. म्हणतील, वहिनीने आईकडे लक्ष दिलं नाही."

सासूबाई खाली उतरल्या. त्यांना कोपऱ्यातल्या बाकावर बसवून कात्रीताईने डोकंभर रंग थापला आणि वर प्लॅस्टिकची टोपी चढवली. रंग मुरेपर्यंत जिना चढणं शक्य नव्हतं. मग ती तीन खुर्च्यांकडे वळली, तिघांची डोकी ओली केली, प्रत्येकाची एकच बाजू कापली आणि मागे सरकली. पावडरच्या डब्याशेजारी लाल दिवा लागलेला होता. दारात मॅडम उभ्या होत्या, तोंडावर हात ठेवून.

"तर उद्या," कात्रीताई गोड आवाजात म्हणाली, "तुमची ती कोंबडीची गोष्ट लावायची आहे."

"माझी," पोस्टमनकाका म्हणाले.

"माझी," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"कोंबडी?" बेकरीवाल्या काकांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "ती तर माझी होती."

पुढे जे झालं त्यात आवाज इतका होता की फळवाला दारात येऊन उभा राहिला. "तुम्ही तर शेवग्याच्या शेंगेएवढे होतात, तुमच्या कोटात कोंबडी मावली असती का?" "आणि तुम्हाला कुत्र्याची भीती वाटायची, म्हणे कोंबडी पकडली!" "पांढरी!" "तपकिरी!" पोस्टमनकाका तावातावाने उठले, आरशात स्वतःचं अर्धं डोकं बघितलं आणि परत बसले. कोपऱ्यातली टोपी मात्र ढिम्म. सासूबाई भिंतीवरचं कॅलेंडर बघत होत्या. किल्ली लागत नव्हती.

मग तिने शेवटचा डाव टाकला.

"मला वाटतं," ती म्हणाली, "कोंबडी नव्हतीच. लहान होतात तुम्ही, स्वप्न पडलं असेल. आमच्या आईसुद्धा होत्या ना डब्यात? त्या झोपल्या असतील सगळा वेळ. त्यांनी काही बघितलंच नाही."

"झोपले?"

टोपी हलली.

"मी झोपले? मी झोपले असते तर तुमच्यातला एकही पोहोचला नसता!" सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या, कानावरून काळा ओघळ उतरत होता. "कोंबडी करडी होती. ठिपक्यांची. खिडक्यांना काळा रंग फासला होता, डब्यात अंधार, तुम्हाला कसला रंग दिसतोय! आणि ती माझी होती. आमच्या परसातली. राणीसरकार म्हणायचे मी तिला. आई म्हणाली होती, ठेव तिला इथेच. मी म्हटलं हो, आणि कोटात घातली."

तिन्ही खुर्च्या एकदम कोपऱ्याकडे वळल्या.

"पण मग..." मास्तरीणबाईंचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "मला आठवतंय हो. इथे. गरम होती. तिचं काळीज धडधडायचं."

"असणारच. तुमच्याकडे दिली होती ना मी! गाडी सुटल्यापासून तुम्ही जो सूर लावलात, तो दुसरं स्टेशन आलं तरी चालू. मग मी नियम केला. जो रडेल त्याच्या कोटात कोंबडी. मग हे रडले." सासूबाईंनी पोस्टमनकाकांकडे बोट केलं. "यांची चड्डी ओली झाली होती. नंतर म्हणाले, कोंबडीने केलं."

"अहो!" पोस्टमनकाका कापडाखाली आक्रसले.

"आणि गार्ड?" कात्रीताईने हळूच विचारलं.

"गार्डने कंदील वर केला आणि विचारलं, कोण ओरडलं? तर हे म्हणाले पोट वाजतंय, त्या म्हणाल्या उचकी लागली, आणि हे पोट धरून लोळायला लागले. तिघं एकाच वेळी! गार्ड म्हणाला, हा डबा आजारी दिसतो, आणि दार लावून पुढे गेला. तेव्हा कोंबडी कुणाच्या कोटात होती ते त्यालाही कळलं नाही, आणि तुम्ही आज इतक्या वर्षांनी भांडताय!"

बेकरीवाले काका कधीचे हसत होते, आवाज न करता, पोट हलवत. मग थांबले.

"तुमच्या कोटात किती वेळ होती?"

"माझ्या?" सासूबाईंनी ओघळ हाताच्या पाठीने पुसला, गालावर एक काळा पट्टा उमटला. "माझी पाळी कुठे आली? तुम्ही रडायचं थांबलात तर ना. मी आपली बघत बसले, आता कुणाकडे आहे, गुदमरत तर नाही. लोक विचारतात युद्ध कसं होतं. काय सांगू? माझं सगळं लक्ष कोंबडीकडे होतं."

मॅडमनी नाक ओढलं. मग पोस्टमनकाका घसा साफ करत म्हणाले, "म्हणजे नीट बघितलं तर मी खोटं बोललो नव्हतो."

"नाही. पण सगळ्यांत जास्त वेळ ती बेकरीवाल्यांकडे होती. ते ओकले होते."

"बघा!" बेकरीवाले काका दोन्ही हात वर करून ओरडले. "म्हटलं नव्हतं? माझीच!"

या सगळ्या गोंधळात रंग धुवायचा राहिला तो राहिलाच. टोपी काढली तेव्हा सासूबाईंचं डोकं नव्या बुटासारखं काळं कुळकुळीत झालं होतं. त्यांनी आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं.

"माझ्या लेकीला आता तिची धाकटी बहीण आल्यासारखं वाटेल," त्या म्हणाल्या.

रविवारी वाचनकक्षात खुर्च्या कमी पडल्या. मॅडमनी काही कापलं नव्हतं, काही गाळलं नव्हतं. आधी तिघांच्या तीन कोंबड्या एकामागून एक, मधे कात्रीची टिकटिक, मग ती भांडाभांडी, आणि मग सगळ्यांवरून चढणारा तो आवाज: "झोपले? मी झोपले?" लोक हसून हसून पुढच्या खुर्चीच्या पाठीवर कपाळ टेकायला लागले. "माझी पाळी कुठे आली" ऐकल्यावर मात्र कुणी हललं नाही. पहिल्या रांगेत काळ्याभोर केसांच्या सासूबाई हनुवटी वर करून बसल्या होत्या, दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय असं. शेवटी मागून एका मुलीने विचारलं, "पण आजी, कोंबडीचं पुढे काय झालं?"

सासूबाईंनी मान वळवली, तिच्याकडे बघून हसल्या, आणि चहा कुठे आहे असं विचारलं.

सोमवारी सकाळी गाडीच्या आधी त्या स्वतःच खाली आल्या. मधल्या खुर्चीत बसल्या. "मानेवरचे जरा कमी कर. टोचतात."

कात्रीताईने कापड बांधलं. यंत्र अजून तिथेच होतं. मॅडम दुपारी न्यायला येणार होत्या. पावडरचा डबा उचलायच्या निमित्ताने तिचं बोट बटणावरून गेलं. दिवा लागला. सासूबाई आरशातून बघत होत्या, पण आरशातून त्या नेहमीच बघायच्या.

"आई, ती कोंबडी..."

"त्या गावी पोहोचलो ना," सासूबाई लगेच म्हणाल्या, जणू वाटच बघत होत्या, "तर ज्या घरी मला ठेवलं तिथली म्हातारी दारातच उभी. हे एवढं रागीट तोंड. म्हणाली, मला मुलगी सांगितली होती, कोंबडी नाही. मी म्हटलं, दोघी एकत्रच येतो. ती म्हणाली, बरं, मग तुमच्यात अंडी कोण देणार? मी म्हटलं..."

कात्री थांबली होती.

"काय म्हणालात?"

बाहेर हॉर्न वाजला. नवरा गाडी घेऊन आला होता. सासूबाईंनी मानेमागे हात नेऊन कापडाची गाठ स्वतःच सोडली.

"अहो आई! एकच बाजू झालीये! बसा ना!"

"राहू दे. मला नाही टोचत." त्या उठल्या, अंगावरचे केस झटकले, आणि पावडरच्या डब्याशेजारच्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं. "तुला काय वाटलं, हा मला दिसत नाही? शनिवारीही दिसत होता."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम..."

"इतकी वर्षं वरच्या मजल्यावरून तुझा धंदा बघतेय मी. अर्ध्यावर सोडलेला माणूस परत येतोच." बॅग उचलायला गेलेल्या मुलाला त्यांनी नीट धर, नीट धर म्हणून दुरुस्त केलं, आणि दारातून वळून सुनेकडे बघितलं. एका बाजूचे केस मानेवर, दुसऱ्या बाजूचे कापलेले, सगळे काळे कुळकुळीत. "पुढचं हवं असेल तर ये तिकडे. कात्री घेऊन ये. आणि ते दिव्याचं यंत्रही आण, मॅडमना सांग मी मागितलंय म्हणून."

गाडी गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत कात्रीताई दारात उभी होती. मग आत आली, आणि फरशीवरचे ते काळे केस झाडायच्या आधी तिने भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून, दुकान कधी बंद ठेवता येईल ते बघायला सुरुवात केली.